ओल्या चादरीची वाटणी

हाडांच्या दवाखान्यात तेविसावा नंबर मिळालेल्या शिक्षिकाबाईंनी वेळ काढायला पुस्तक आणलं होतं. पण शेजारच्या बाकावर एक सासू आणि सून रिपोर्ट उघडून बसल्या, आणि पुस्तक मांडीवरच राहिलं.

"वर्षभरात हाडं आणखी विरळ झाली म्हणे. बघ तुझ्या सेवेचं फळ."

"आई, मी तुम्हाला इकडची काडी तिकडे करू दिली नाही."

"तेच तर चुकलं. डॉक्टर काय म्हणाले? चाला, जिने चढा, झेपेल ते उचला. तू मला काचेच्या कपाटात ठेवलंस."

"काळजीपोटीच ना?"

"काळजी पुरे. माझी गच्ची मला परत दे. उद्यापासून कपडे मी वाळत घालणार."

"तीन जिने आहेत."

"आधी काय दोन होते?"

"बरं. रुमाल, टॉवेल तुमचे. ओली चादर माझी."

"चादर जड आहे, म्हणून तर मला हवी."

"मग जिन्याचा कठडा कोण धरणार? पडलात म्हणजे?"

शिक्षिकाबाईंनी न वाचताच एक पान उलटलं.

"असं कर, तू ये मागून. अर्धी चादर तुझ्या हातात."

"येते. रोज येते."

"रोज? मग गच्चीवर शेजारणीला तुझ्या तक्रारी कधी सांगू? वर्षभराच्या साठल्यात."

"सांगा की. तोवर मी कपडे वाळत घालते."

"कपड्यांना हात लावायचा नाही. तू नुसते चिमटे धर आणि ऐक."