इन्साफबाईंचा रसायनाचा तास

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या मुख्याध्यापिका फद्वाबाई, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, समोर बसलेल्या शिक्षिका, पालक, माझ्या मैत्रिणी, आणि आज निवृत्त होत असलेल्या आदरणीय इन्साफबाई, आपणा सर्वांना माझा सलाम.

बाईंविषयी चार गोड शब्द बोलायला मला उभं केलंय. पण करक गावातल्या या शाळेत ज्यांनी अकरावीला रसायन घेतलं, त्यांच्यापैकी कोण म्हणेल की तो तास गोड होता? घंटा झाली की जी ती मागचा बाक शोधायची. पाठ केलेलं उत्तर बाईंना चालतच नसे. एकदा मला उभं केलं.

"सुहैर, कार्बन मोनॉक्साइडचा रंग?"

"रंग नसतो, बाई."

"वास?"

"तोही नसतो."

"मग खोलीत तो भरलाय, हे तुला कळणार कसं?"

मी वही उघडायला गेले.

"उभीच राहा. सुचलं की बस."

तास संपता संपता मी पुटपुटले, "माणसांकडे बघून."

"आत्ता कुठे डोकं चालवलंस," म्हणाल्या. शाबासकी म्हणायची ती एवढीच.

त्याच हिवाळ्यात बर्फ पडला. बाबा अम्मानला अडकले होते. संध्याकाळी आई, आजी, धाकटी रवान आणि मी एका खोलीत कोळशाची शेगडी पेटवून, दाराखालच्या फटीत चिंध्या कोंबून बसलो होतो. रवान म्हणाली, डोकं ठणकतंय.

आई म्हणाली, "गृहपाठ काढला की दुखतंच तुझं." मग कपाळ चोळत म्हणाली, "पण आज माझंही दुखतंय गं."

रवानला उलटी झाली. आजी भिंतीला टेकून पेंगत होती. मी हाक मारली. तिनं ओ दिली नाही.

मी एकेकीकडे बघितलं. दिसत काही नव्हतं, वास कसलाच नव्हता. जिच्याकडे बोट दाखवता येत नाही अशी भीती कशी असते, सांगू कशी?

मी दार उघडलं. "गारठवून मारतेस का आम्हाला?" आई म्हणाली, पण तिला उठता येईना. शेगडी विझवली, रवानला बाहेर ढकललं, आजीला काखेत धरून बर्फात ओढत नेलं, मग आईला. शेजाऱ्यांनी गाडीत घालून इस्पितळात पोचवलं. आजी वाचली. माझं नाव मात्र तिला पुन्हा कधी आठवलं नाही.

त्यानंतर मी घरच्यांचे श्वास ऐकत पडून राहायची. जो तो म्हणायचा, "पोर धसकलीय, अभ्यास राहू दे." इन्साफबाई तेवढ्या तसं म्हणाल्या नाहीत. शाळेत परतले त्याच दिवशी त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि वर्गात कुणालाच न सुटलेलं समीकरण दिलं.

"बाई, हात थरथरतोय."

"थरथरू दे. खडू सोडू नकोस."

मी रडले, पुसलं, पुन्हा मांडलं. सुटलं तेव्हा लक्षात आलं, तेवढा वेळ मी कुणाचाही श्वास ऐकत नव्हते. त्या एका तासात दुसऱ्या भीतीला शिरायला जागाच नसायची. मी वर्षभर त्या तासाला घाबरत राहिले, आणि वर्षभर त्याचीच वाट बघत राहिले.

बाई, तुम्ही मला सूट दिली नाहीत, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. संयोजकांचेही आभार. बोलताना कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. आणि आपण सगळे कुडकुडताय, त्याचीही माफी असावी. सभागृहात शेगड्या पेटलेल्या दिसल्या, म्हणून खिडक्या मीच उघडायला लावल्या. समारंभ संपेपर्यंत त्या उघड्याच राहू द्याव्यात, ही विनंती.