पळत नव्हतो, धावत होतो

जबाब देणाराचे नाव श्रीपाद गणेश मुळ्ये, वय वर्षे तेवीस, धंदा कचेरीत उमेदवारी, राहणार देवास, बाजाररस्त्याच्या अलीकडची पाती. मिती आश्विन शुद्ध अष्टमी, सन १९०८. लिहून घेणार अलीकडच्या चौकीचे कारकून दत्ताजी.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मला लांब पल्ला धावण्याचा नाद आहे. नाद हा शब्द कारकुनांचा, माझा नव्हे. दर दसऱ्याला धारेस शर्यत असते, धारेच्या वेशीपासून नालछ्यास जाऊन परत. गेल्या साली मी दुसरा आलो. पहिला आला तो धारेचा हरकारा जयसिंगराव, तो माझ्यापुढे हातभर होता. हातभर म्हणजे हातभरच, कारकुनांनी हसण्याचे कारण नाही. दिवाळीनंतर मला लोहारद्यास नाक्यावर रुजू व्हायचे आहे आणि तेथे सणावाराला रजा नाही. माझे वडील तात्या यांनी ‘यंदा शेवटचे, पुढे हे थेर बंद’ असे सांगून जाऊ दिले होते. सबब यंदाची शर्यत चुकली तर माझी शर्यत कायमची चुकली.

धारेस नेण्याचे भैयासाहेबांनी कबूल केले होते. ते पलीकडच्या पातीतील जहागीरदारांचे चिरंजीव. त्यांचा टांगा आज दुपारी निघणार होता. ‘मी कोणासाठी खोळंबत नाही’ असे त्यांनी काल दोनदा बजावले होते.

चार दिवस पावसाने उघडीप दिलेली नाही. नवरात्रात असा पाऊस तात्यांनीही पाहिलेला नाही. चार दिवस घरात बसून माझ्या पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या होत्या. शर्यत पावसासाठी थांबत नाही, म्हणून चिखलातच पाय मोकळे करावेत असे ठरवून मी आज उजाडताच सोनकच्छच्या रस्त्याने निघालो. अंगात काही नव्हते. धोतराचा काचा मारलेला, डोक्याला पंचा, पाय अनवाणी. माझ्या आईने, माईंनी, दारातून ‘अरे, निदान वहाणा घाल’ म्हणून सांगितले. वहाणा या मातीत राहत नाहीत. काळी माती पायाला शेर शेर चिकटते, ती झाडावी तर पुढच्या पावलाला पुन्हा तेवढीच. समोरून वारा, तोंडावर पावसाचा मारा, पुढचे झाड दिसेना. दोनदा पडलो. पुढे नाला भरून वाहत होता, तेथून माघारी फिरलो. रोजच्या निम्मेही धावणे झाले नाही याचा मला फार संताप आला, म्हणून येताना जोर लावला. गावात शिरलो तेव्हा मी अंगातला सगळा दम काढून धावत होतो.

देवासात एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन राज्ये आहेत, एक अलीकडची पाती, दुसरी पलीकडची. हे कारकुनांना ठाऊक आहे, तरी जबाबात यावे लागते म्हणतात. दोन्ही कडांना गटारे तुंबली होती म्हणून मी मधोमध, म्हणजे हद्दीवरून येत होतो. पलीकडच्या बाजूला उमाशंकर हलवाई यांचे दुकान आहे. त्यांची पितळी परात त्याच वेळी दिसेनाशी झाली होती. मी धावताना दिसताच ते ‘चोर! पकडो!’ असे ओरडले. अलीकडच्या चौकीचे शिपाई फत्तेसिंग यांनी माझा दंड धरला.

फत्तेसिंग यांनी हिंदीत विचारले आणि मी हिंदीत खरे तेच सांगितले. ते येणेप्रमाणे. ‘भाग क्यों रहा था?’ ‘मैं तो रोज भागता हूँ, भिया.’ ‘कहाँ से भागा?’ ‘घर से.’ ‘कब से भाग रहा है?’ ‘चार बरस से.’ यावर फत्तेसिंग यांनी माझा दुसराही दंड धरला.

चौकीत जमादारांनी लिहून घेतले की, इसम घरातून पळालेला, चार वर्षे फरारी, पळत असल्याचे स्वतः कबूल. मी म्हटले, अहो, फरारी कसला, समोर माझे घर दिसते, हे कारकून दत्ताजी मुंजीत माझ्या पंक्तीला जेवलेले आहेत! दत्ताजी म्हणाले, ओळख वेगळी आणि कबुली वेगळी. मग जमादारांनी विचारले, कोठे चालला होतास? मी म्हटले, घरी. निघालास कोठून? घरातून. ‘मग गेलास कशाला?’ परात अंगावर कोठे लपवली असेल असे मी विचारले, तर तेच तू सांगायचे आहेस, असे उत्तर मिळाले.

चोरी पलीकडच्या पातीत, आरोपी अलीकडच्या पातीत. पलीकडच्या हवालदारांनी निरोप धाडला की आरोपी इकडे पाठवा, आम्ही पावसात येत नाही. आमचे जमादार म्हणाले, त्यांना गरज असेल तर ते येतील. रस्ता वीस पावलांचा. त्या वीस पावलांपायी मी दुपारपर्यंत ओल्या धोतरात बसून होतो.

तात्या आले. ते माझ्याजवळ बाकावर बसले.

दुपारी भैयासाहेबांचा टांगा समोर येऊन थांबला. त्यांनी हाक मारली, ‘श्रीपाद, येतोस की नाही?’ त्या वेळी फत्तेसिंग पडवीत विडी ओढत होते, जमादार जेवायला गेले होते. दाराला कडी नव्हती. मी उठलो. तात्यांनी माझा पंचा धरला आणि म्हणाले, ‘बस खाली. मुळ्यांचा मुलगा चौकीतून पळाला असे गावाने म्हणायला नको.’ टांगा निघाला. चिखलात घोडा पाय टाकत चालला होता. मी शंभर पावलांत गाठला असता. परंतु आज मी धावलो तर ते पळणेच ठरले असते, म्हणून बसून राहिलो. इतका वेळ बसून पाहण्याचा त्रास मला उभ्या जन्मात झालेला नाही. हे जबाबात नको असे दत्ताजी म्हणतात. मी म्हणतो, हेच हवे.

त्यानंतर उमाशंकर स्वतः छत्री घेऊन आले. परात गटाराच्या पाण्याने वाहत जाऊन त्यांच्याच ओट्याच्या पायरीखाली अडकली होती. ‘गलती हो गई, भिया,’ असे म्हणून त्यांनी पुढ्यात पेढे ठेवले. मी खाल्ले नाहीत. फत्तेसिंग यांनी खाल्ले.

चोरी झालीच नाही, तेव्हा मी निघालो. तर जमादार म्हणाले, पकडल्याचा कागद झाला आहे, सोडल्याचा जबाब झाल्याशिवाय जाता येत नाही. म्हणून हा जबाब. तक्रार आहे काय असे विचारल्यावरून सांगतो की, आहे. पण कोणत्या पातीकडे करायची ते आधी दोन्ही पात्यांनी ठरवावे.

आत्ताच इंदूरच्या रस्त्यावरून माघारी आलेला गाडीवान सांगतो की धारेच्या वाटेवर क्षिप्रेच्या पुलावर पाणी आहे आणि नदीच्या अलीकडे टांगे अडकून पडले आहेत. तात्यांनी हे ऐकले. ते उठले, दाराशी जाऊन आभाळ पाहिले आणि मला म्हणाले, ‘बसलास काय? धाव की!’ सबब दत्ताजींनी टाक जरा भराभर चालवावा.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. पकडल्याच्या कागदात मात्र ‘धावत’ सांगितले तेथे ‘पळत’च लिहिलेले आहे. दुरुस्तीला सगळा कागद नव्याने लिहावा लागेल असे कारकून म्हणतात. तेवढा वेळ नाही. पळत तर पळत. सांगितला तो मजकूर हाच, बरोबर आहे.

सही: श्रीपाद गणेश मुळ्ये

शेरा: सही वाळण्यापूर्वीच इसम पळाला. शिपाई फत्तेसिंग सवयीने मागे गेले, वेशीपर्यंतही टिकले नाहीत. परत येऊन सांगतात, धावतो चांगला.
दत्ताजी, कारकून