यंदा घट कुणी बसवायचा?

(मांडवगण फराटा, २००४. उद्या घट बसणार. सासू भागुबाई घरात. सून चांगुणा शेतातून झेंडूची पाटी घेऊन नुकतीच आलेली. नातसून करिश्मा चार दिवसांची ‘बाहेर’ म्हणून पडवीत.)

चांगुणा : आत्याबाई, माझ्या अंगावरचं थांबलं ह्ये पारावर सांगत बसायची काय गरज व्हती? साहेबरावाची बायको मला वाटंत अडवून म्हणती, सुटलीस गं बाई!

भागुबाई : मग खोटं बोलली का ती? वरीस झालं की. आता इटाळ न्हाई, काय न्हाई. यंदापासनं घट तू बसवायचा. माझं गुडघं साथ देईनात.

चांगुणा : अंगातनं वाफा निघत्यात. थंडीत पदर भिजतोय. उगंच रडू येतंय. त्याचं इचारलं कुणी? देवीच्या कामाला बाई गावली, एवढंच दिसलं तुमाला.

भागुबाई : अगं, मान देतीया मी तुला!

चांगुणा : तीस वर्सं पडवीत बसवलं आन् आता मान? सुदर्शनला टायफॉइड झाला तवा पाचवी माळ व्हती. चार वर्साचं पोरगं आतनं आई आई करतंय, आन् मी पडवीत. तुमी म्हणला, आत आलीस तर देवी कोपंल.

भागुबाई : वाचला न्हवं का?

चांगुणा : औषधानं वाचला! पण रडून रडून झोपला, त्ये मला भिंतीपलीकडनं ऐकू येत व्हतं. अजून येतंय.

भागुबाई : रीतच व्हती तशी. मी काय माझ्या माहेरनं आणली व्हय?

चांगुणा : आन् ह्यो झेंडू? दसऱ्याचा माल तोडायला कवा मला बाहीरची म्हणून बसवलं न्हाई तुमी. ‘हात उचल, टेम्पो जाईल’ म्हणायचा. त्याच फुलांची माळ घटाला घालायचा. तवा इटाळ कुठं गेला व्हता?

भागुबाई : फुलांवर पाणी शिंपडलं की झालं.

चांगुणा : मग माझ्यावर शिंपडायचं की! लेकरापाशी तरी जाऊ दिलं असतं.

करिश्मा : आई, जाऊ द्या ना. मी बसते इथंच. सणसवाडीला कंपनीत होते तेव्हा असल्या दिवसांतसुद्धा आठ-आठ तास लाईनवर उभी राहायचे. इथं निदान बसायला तरी मिळतंय.

चांगुणा : तू गप गं! आत्याबाई, ऐका. घट मी बसवीन. पण ही पोरगी आत्ता आत येईल, आन् उद्या सात धान्यं तिच्याच हातनं पेरायची. न्हाईतर तुमचा घट तुमच्यापाशी.

भागुबाई : बाहीरची बाई, देवीम्होरं? डोकं फिरलंय तुझं!

चांगुणा : फिरलंय. ह्या वयात फिरतंच म्हणं. तुमचं न्हवतं फिरलं?

भागुबाई : माझं? मला तर कुणी सांगितलंच न्हवतं, असं थांबतं म्हणून. मला वाटलं, दिवस गेले.

चांगुणा : काय म्हणता!

भागुबाई : अठ्ठेचाळीस वय, घरात तू सून. लाजंनं मरायची पाळी. चार महिने पोटावर पदर घट्ट बांधून हिंडले, इहिरीवर जायचं टाकलं. पोट काय वाढंना, तवा उमगलं. एकटीच हसले, एकटीच रडले.

चांगुणा : आन् तुमच्या सासूबाई काय म्हणल्या?

भागुबाई : म्हणल्या, बरं झालं, आता घट तू बसव.

चांगुणा : बघा! मग तुमी काय म्हणला?

भागुबाई : राग आला व्हता. लई आला व्हता. पण गिळला. तुझ्यावानी भांडाया जमलं न्हाई.

चांगुणा : मग आता तरी हाक मारा तिला.

भागुबाई : तू मार. माझं तोंड न्हाई उघडायचं.

चांगुणा : न्हाई. तिथं बसवलंय तुमी, तुमीच बोलवा.

भागुबाई : करिश्मा... ये गं आत. आन् उंबऱ्यात थांबू नगं बाई. थांबलीस, तर मला पुन्यांदा भ्या वाटंल.