अ‍ॅरिझोनाचं ऊन

नाही नाही, तिथे नका बसू काकू, प्रोजेक्टरचा उजेड डोळ्यांवर येईल – इकडे या, माझ्याजवळ. लवकर आलात, बरं झालं, नंतर वेम्बलीत पार्किंग कुठलं मिळायला. चहा घ्या. हो, भाषण राजीवचंच, आमच्या नवरोजींचं – आणि लॅपटॉपचं बटण दाबायला मी. दुसरं कोण? अमेरिकेचा रूट सिक्स्टी सिक्स, फोटोंसकट. मी सांगू? शिकागोला सुरू होतो, सँटा मोनिकाला समुद्रापाशी संपतो, मधे आठ राज्यं. एकोणीसशे सव्वीसला नंबर मिळाला. पुढे शेतं धुळीत गेली तेव्हा माणसं गाडीवर गाद्या बांधून याच रस्त्यानं पश्चिमेला निघाली. मग शेजारून मोठे हायवे झाले, कोणी थांबेना, गावं ओस पडली आणि पंच्याऐंशीला सरकारनं नंबरच काढून घेतला. मला कसं माहीत? अहो, सगळं वाचलं मी, मोटेलं बुक केली मी. दोघांची! रिटायर झाल्यावर जायचंच होतं ना – आणि ऐन निघायच्या वेळी आई पडल्या. माझ्या सासूबाई हो. एकानं थांबायला हवं, म्हणाला. एकानं म्हणजे कोणी, हे विचारायचं नसतं.

थांबले. सगळं केलं त्यांचं. रोज विचारायच्या, 'राजू आज कुठं पोचला गं?' मी नकाशा धरायचे – मिसूरी, ओक्लाहोमा. त्यांना काय कळणार, पण त्या रेघेवर बोट ठेवायच्या. बोट ठेवून तशाच झोपायच्या.

टेक्सासात एड्रियन म्हणून एवढंसं गाव आहे, तिथे पाटी आहे – इकडे शिकागो, तिकडे लॉस एंजेलिस, अंतर दोन्हीकडे सारखंच. हा तिथे होता आणि इथे आई गेल्या. मी फोन केला. काय म्हणाला असेल? आधी रडला, खोटं कशाला सांगू, खूप रडला. मग विचारतो, क्रिमेटोरियमची तारीख कधीची मिळतेय? आपल्याकडे त्याच दिवशी उरकतात, इथे लंडनला रांग. बारा दिवसांनी, म्हटलं मी. तर म्हणाला – मग मागे फिरलो काय नि पुढे गेलो काय, सारखंच की. विमान लॉस एंजेलिसहूनच आहे. आणि गेला पुढे! तासाभरावर अमरिलोला विमानतळ होता, मी बघून ठेवला होता. तिकडे आई त्या थंड खोलीत, मी एकटी जाऊन त्यांना साडी नेसवून आले, आणि हा मला नाश्त्याच्या पॅनकेकचे फोटो पाठवतोय. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी हीथ्रोला उतरला. 'वेळेत आलो ना?' म्हणे.

का, दचकलात? हो हो, सगळ्यांना तेच सांगितलंय – बातमी कळताच परत फिरलो, उरलेला रस्ता नंतर केला. मीही मान हलवली तेव्हा. तुम्ही आला होतात की काकू, पांढरी शाल घेऊन. तुम्हीच त्याचा हात धरून म्हणालात, 'आईच्या दुःखानं किती काळवंडला हो!' दुःख कसलं, अ‍ॅरिझोनाचं ऊन ते. नाक सोलून निघालं होतं. आणि मी शेजारी उभी होते – त्यांना मी न्हाऊ घातलं, मी भरवलं – आणि माझा हात कोणी धरला? कोणी नाही. राग येतो मला, अजून येतो.

नाही, रडत नाहीये. बिस्किट घ्या ना. परवा म्हणाला, 'फोटोंवरच्या तारखा काढून टाक गं, बरं नाही दिसत.' आज सकाळी पुन्हा विचारलं, काढल्यास ना? हो, म्हटलं.

आला बघा, माइक तपासतोय. जा तुम्ही आता, पुढच्या रांगेत बसा. चष्मा आणलाय ना? मग घाला – आणि प्रत्येक फोटोचा खालचा उजवा कोपरा बघा. बटण मी सावकाश दाबणार आहे.