मोत्याचे बोंबील

पेणच्या गुरांच्या दवाखान्यात रशिदा शेळी धरून बसली होती, पण कान शेजारच्या बाकाकडे होते. तिथं विमलबाईशेजारी बसलेल्या दिनानाथच्या मांडीवर त्याचा कुत्रा पडला होता.

"पंधरा दिवसांत मोत्या अर्धा झाला गो, विमलबाय. डॉक्टर म्हणतो, कॅन्सर असंल. खाईल ते द्या."

"मग काय खातो?"

"तळलेले बोंबील."

"ऐन श्रावणात? वहिनी तळतात?"

"तोंड फिरवून तळते. पण आधी त्याच्यासमोर कुणीतरी खावं लागतं, मगच तो तोंड लावतो."

"आणि ते कोण खातं?"

"मीच. नाइलाज हाय."

"दिसतोय नाइलाज. पोट सुटलंय तुमचं."

"मुक्या जिवासाठी करावं लागतं."

"आज किती खाल्लेत?"

"आठ."

"आणि मोत्यानं?"

दिनानाथनं मोत्यावरचं फडकं नीट केलं.

"नुसता माझ्या तोंडाकडं बघत राहिला."