बाराव्या क्रमांकाचं बक्षीस

सन्माननीय अध्यक्ष ॲटर्नी विर्हिलियो आब्रेनिका, व्यासपीठावरील पाहुणे, रविवारच्या पोकर स्पर्धेत माझ्या चिप्स नेमाने हरण करणारे स्नेहीजन, आणि आजच्या सत्कारमूर्ती क्रिसांता मागबानुआ, म्हणजे आपल्या सर्वांच्या 'अते', थोरल्या ताई,

वीस वर्षं या सेबू शहरात बातमीदारी करताना निरोपाची भाषणं पुष्कळ ऐकली. त्यांत वक्ता आरोपी असल्याचं आठवत नाही. आज आहे.

अते पत्त्यांवर घर चालवत. साठ खेळाडूंत बहुतेक रविवारी त्याही हरतच. पण वर्षातून तीन-चारदा पहिल्या येत, जमलेल्या प्रवेश फीतले चाळीस टक्के त्यांना मिळत आणि त्यात बाकीचे सगळे रविवार भरून निघत. जिंकल्या की लगेच बालातो. जिंकणाऱ्याने आपल्या आनंदातला वाटा भोवतीच्यांना द्यायचा, ही आपली रीत. पत्ते वाटणाऱ्या जुनेलला मिळे, चहावाल्या बाईंना मिळे, बारावा येऊन भिंतीशी उभ्या असलेल्या मलाही मिळे.

तरी गेल्या वर्षी मी अर्ज लिहिला. 'नवोदितांच्या उत्तेजनार्थ' सहाऐवजी पंधरा जणांना बक्षीस द्यावं. नवोदित कोण? एकोणपन्नास वर्षांचा मी.

सभेत अर्ज वाचला गेला तेव्हा अते म्हणाल्या, "अरे बातमीदारा, बारावा येण्यात तुझा हात धरणारा कोणी नाही. त्याचंही बक्षीस हवं होय तुला?"

सगळे हसले. मग त्यांनी हळूच विचारलं, "पण पंधरा जणांना वाढायचं ते कुणाच्या ताटातून?"

"वरच्यांच्या," मी म्हणालो. "त्यांना काय कमी आहे?"

वरचे म्हणजे कोण, हे मला ठाऊक नव्हतं का? मतदानाला हात वर झाले. पहिला माझा.

पहिलं बक्षीस निम्म्यावर आलं. या वर्षीही अते चारदा पहिल्या आल्या. खेळ तसूभर उतरला नाही. फक्त चार विजयांत बाकीचे रविवार मावेनात. सोमवारपासून त्या पलीकडच्या बेटावर बाकोलोदला, बहिणीच्या बेकरीत कामाला.

आणि आम्ही पंधरा जण? आमच्यापैकी एकानेही जुनेलला बालातो दिला नाही. मी तीनदा बक्षीस घेतलं. प्रवेश फी वजा जाता वाटण्याजोगं उरतंच काय, ही माझी सबब. अते आपल्या हाताने जे वाटत होत्या, त्याचा आम्ही नियम केला आणि वाटणारा हातच घालवला.

गेल्या रविवारी त्या इथे शेवटचं जिंकल्या. भिंतीशी येऊन त्यांनी माझ्या हातावर नेहमीएवढीच नोट ठेवली. मी म्हटलं, "अते, आता कशाला? बक्षीस निम्मं झालंय."

"बक्षीस झालंय," त्या म्हणाल्या. "माणसं तेवढीच आहेत ना?"

ती नोट मी घेतली.

अध्यक्षमहाराज, बोलू दिलंत, आभारी आहे. श्रोतेहो, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर आपण पोटात घालावं. अते, बोलण्याबाहेर जे झालं, त्याची क्षमा मागायला मी उभा राहिलो होतो. नोट अजून खिशात आहे, आणि ती परत करायचं धैर्य काही होत नाही.