पेटीखालचे चार नट

मामा : ...आणि त्या नटांची गोष्ट फक्त दोघांनाच ठाऊक होती. एक मी, दुसरा रंगारी. लिहिलंस?

भाची : ‘ठाऊक होती’पर्यंत लिहिलं.

मामा : मग पुढे काय, गाडी पंक्चर? तुझं अक्षर चांगलं म्हणून शाळेतून आल्या आल्या तुला धरलं, आणि तू पेनाचं टोपण चावत बसलीयस. पाच वाजता ट्रेलर उभे असतात त्या तळाच्या मालकीणबाईंना कागद द्यायचाय मला.

भाची : दिला की काय होईल?

मामा : रंगाऱ्याला ट्रेलरच्या तळावर पाऊल टाकू देणार नाहीत. पुढचं पोलीस बघतील.

भाची : पण त्यांचं सगळं काम तिथेच असतं ना? लोकांची ती सहलीची चाकांवरची घरं परत आली की घासायची, रंगवायची. दुसरं कुठे जातील ते?

मामा : ते त्याने आधी बघायचं होतं. सात ट्रेलर, चौदा बॅटऱ्या, एका दुपारीत साफ! आणि मी बनवलेल्या लोखंडी पेट्यांची कुलपं? जशीच्या तशी. ओरखडासुद्धा नाही गं. चोर सरळ खाली वाकला, गाडीला जोडायच्या दांड्याखालचे चार नट सोडवले आणि पेटीसकट बॅटऱ्या उचलून गेला. आता तूच सांग, समोर एवढं दणकट कुलूप दिसत असताना खाली वाकायची बुद्धी कुणाला होईल?

भाची : ज्याला माहितीये त्याला.

मामा : बघ, तुलाही कळतं! नट दिसू नयेत म्हणून त्यानेच त्यांच्यावर काळ्या रंगाचा जाड हात मारला होता. वरून मला शहाणपणा शिकवत होता, वेल्ड करून टाक म्हणून. पण पेटी गंजली तर काढायची कशी, म्हणून मीच तसे ठेवले. हं, लिही. ‘दुसरा रंगारी.’

भाची : मामा, तिघांना ठाऊक होती.

मामा : तिसरा कोण आणि?

भाची : तू ट्रेलरखाली झोपून नट आवळत होतास, तेव्हा टॉर्च कुणी धरला होता?

मामा : हॅ! तुला कशाला मोजायचं त्यात? तू काय बॅटऱ्या दप्तरात भरून नेल्यास?

भाची : नेल्या नाहीत. शाळेच्या प्रदर्शनात मी तुझ्या पेटीचा नमुना मांडला होता ना...

मामा : पहिला नंबर! येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतोय मी. गेल्या वर्षी हजेरी द्यायला तोंड उघडत नव्हतं आमचं ध्यान, आणि यंदा...

भाची : मामा, ऐक ना! मी इतकं झकास बोलत होते, सगळा हॉल गप्प, आणि मला वाटायला लागलं की आता आपण काहीही बोलू शकतो, कुणीही काहीही विचारा! तर परीक्षकबाईंनी विचारलं, किल्ली हरवली तर पेटी उघडणार कशी? ‘माहीत नाही’ म्हणून खाली बसता आलं असतं. मी म्हटलं, सोप्पंय! आणि नमुना उलटा केला. फळ्यावर चारही नट काढले, लाल खडूने बाण काढला. मागून कुणीतरी विचारलं, पाना कितीचा लागतो? मी म्हटलं, सतरा नंबरचा.

मामा : पान्याच्या नंबरासकट?

भाची : लोक हसले. मला वाटलं मी जिंकले. जिंकलेच.

मामा : विचारणारा कोण होता?

भाची : आठवत नाही. मी माणसांकडे बघतच नव्हते रे. मी माझा आवाज ऐकत होते.

मामा : चोरी होऊन चार दिवस झाले. तू आत्ता सांगतेस?

भाची : जेवताना तू म्हणालास ना, कुलपं शाबूत आहेत, तेव्हाच मला कळलं. आणि काल तळावर चारचौघांत, त्यांच्या मुलीसमोर तू रंगारीकाकांना चोर म्हणालास, तेव्हा मी तिथेच होते. ट्रेलरच्या मागे. तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. सात मिनिटांचं भाषण पाठ असलेला आवाज!

मामा : हं. फाड तो कागद. मालकीणबाईंना सांगतो, माझा अंदाज चुकला. रंगाऱ्यालाही तेच सांगतो. तुझं नाव निघायचं कारण नाही.

भाची : ‘अंदाज चुकला’ म्हटलं की लोक काय म्हणतील? पुरावा मिळाला नाही म्हणून सुटला, असंच ना?

मामा : आणि शाळेत कळलं म्हणजे?

भाची : कळेल. मला भयंकर भीती वाटतेय! पण मागची बाजू कोरी आहे, त्यावर मी खरं लिहिते. आधी काकांकडे जाऊ. तू चल, एकटी गेले तर मी दारातूनच पळून येईन.

(रंगाऱ्याचं दुकान. शटर अर्धं खाली ओढलेलं.)

रंगारी : दुकान बंद आहे.

मामा : अर्धं उघडं दिसतंय.

रंगारी : तुला बंद आहे. पोरीला येऊ दे.

भाची : काका, ते नट, चोराला ते कळले कारण मीच सगळ्यांसमोर...

रंगारी : शाळेच्या हॉलमध्ये. ठाऊक आहे.

भाची : तुम्हाला कसं?

रंगारी : तिसऱ्या रांगेत बसलो होतो. माझ्या लेकीची पाणचक्की होती. फिरली नाही ती.

मामा : तू तिथे होतास? मग काल मी तुला वाट्टेल ते बोलत होतो, तेव्हा मिठाची गुळणी धरून बसलास?

रंगारी : ट्रेलरखालून शाळेचे बूट दिसत होते. म्हटलं, येईल पुढे. नाही आली तर पंधरा वर्षांची पोर आहे, मी कशाला ओढून काढू?

भाची : नाहीच आले मी.

रंगारी : नाही आलीस. खरं आहे.

मामा : अरे पण मला नंतर, बाजूला घेऊन, एका शब्दाने...

रंगारी : वीस वर्षं एकत्र काम करतोय आपण. शब्द लागेल असं वाटलं नव्हतं.

भाची : मामा, बोल ना काहीतरी.

रंगारी : नको. माझंही चुकलंय. बाण काढलेला बघितला, त्याच संध्याकाळी येऊन सांगायला हवं होतं की आजच्या आज नट वेल्ड कर. पण म्हटलं, पोरांचं प्रदर्शन, कोण लक्ष देतंय. आळस केला.

मामा : उरलेल्या पेट्यांचे नट आज वेल्ड करतो. आणि त्याआधी मालकीणबाईंसमोर, काल जिथे उभा राहून बोललो तिथेच उभा राहून सांगतो.

भाची : मी वाचून दाखवणार आहे. सगळं लिहिलंय, सतरा नंबरसुद्धा.

रंगारी : मोठ्याने वाच. तिथे वाऱ्यात ऐकू येत नाही.

मामा : तू येतोयस ना बरोबर?

रंगारी : नाही.

मामा : अजून माफ केलं नाहीस?

रंगारी : केव्हा करू? पाच मिनिटं झाली तुम्हाला येऊन.

भाची : मग आम्ही उद्या येऊ, काका?

रंगारी : या. आज मला जरा रागावून बसू दे.